खंडेनवमीला निजलेलं मशीन

चुडामण गुडघ्यांवर बसून ब्लोअरनं धूळ उडवत होता. जिनिंगच्या ऑफिसातलं ते काळं मशीन वर्षभर कापसाच्या धुळीत राहिलेलं. झाकण काढलं की आतून पांढरे बोळे निघायचे, उंदरानं घरटं केल्यासारखे. मशीन चालूच होतं. हिरवा दिवा लुकलुकत होता. चुडामणच्या खिशात पेनड्राइव्ह होता आणि तो मांडीला टोचत होता. बाजूच्या खुर्चीत मॅनेजर प्रेमराज बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता.

"झालं का रे?"

"होतंय."

"अर्धा तास झाला होतंय. मशीन धुतो का म्हैस?"

चुडामण हसला. हसावंच लागलं. आज खंडेनवमी. बाहेर जिनिंगची सगळी यंत्रं धुऊन पुसून ठेवलेली, पट्टे काढलेले, पान्यांवर हळद-कुंकू लागायचं बाकी. वर्षातून याच एका दिवशी चुडामणला हे मशीन उघडायला कुणाच्या परवानगीची गरज नसायची. त्याला फक्त दोन मिनिटं हवी होती. दोन मिनिटं प्रेमराज खुर्चीतून उठायला हवा होता.

कारण त्या मशीनमध्ये वनाचं मरण होतं.

वना पहूरचा. जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर होता. पंधरा दिवसांपूर्वी, हंगामाआधीच्या चाचणीला, प्रेसच्या पेटीत अडकलेला कापूस काढायला तो आत उतरला आणि वरून कुणीतरी बटण दाबलं. पंचनाम्यात लिहिलं, कामगार दारू पिऊन स्वतःच आत उतरला. कॅमेरे होते, पण शेठ म्हणाला त्या दिवशी बंद होते. वनाच्या बायकोला, मंजुळाबाईला, गावातल्या बायका सांत्वनाला यायच्या आणि जाताना म्हणायच्या, पीत होता का गं तो?

तो पीत नव्हता. चुडामणला माहीत होतं, कारण चुडामणनं बघितलं होतं.

आता हा चुडामण कोण, ते सांगायला पाहिजे. जामनेरला बसस्टँडमागे एका शटरचं दुकान आहे त्याचं. बाप ऑइल इंजिन दुरुस्त करायचा. बापाचा एक नियम होता: नवमीला इंजिन निजवायचं. धुवायचं, तेल द्यायचं, फुलं वाहायची, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. कुणाची विहीर तुडुंब भरलेली असो की पीक सुकत असो. चुडामण कॉम्प्युटरमध्ये गेला तरी त्यानं तो नियम सोडला नाही. त्याच्या दुकानात नवमीला माऊसवरसुद्धा झेंडू असायचा.

बाकी गावानं त्याला येडा ठरवून टाकलेलं. का, तर तो लायसन वाचायचा. जामनेरला लायसन म्हटलं की लोकांना मोटरसायकल आठवते. हा बाबा चष्मा लावून कॉम्प्युटरच्या प्रोग्रामांचं लायसन वाचत बसायचा, पानंच्या पानं, कीर्तनाला बसल्यासारखा. चोरीची विंडोज टाकून द्यायला तो नाही म्हणायचा. एकदा तसल्याच चोरीच्या विंडोजमधून आलेल्या व्हायरसनं एका शाळेचे दहावीचे सगळे अर्ज खाल्ले होते, ते मशीन यानंच बसवलेलं. त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, जे टाकायचं ते उघडं, फुकट आणि कायद्यात बसणारं. गिऱ्हाईक अर्धं झालं. बायको रूपा बोलायची, "दुसऱ्याचं पोर विंडोज टाकून वीस मिनिटांत मोकळं होतं. तुमचं पारायणच संपत नाही." हा वाचतच राहायचा.

जिनिंगच्या गेटवर म्हातारा वॉचमन आहे, मोतीलालआबा. जिनिंगमध्ये काडेपेटी, बिडी आणि मोबाईल आत न्यायचा नाही, सगळं गेटवरच्या लाकडी पेटीत टाकायचं. कापूस आहे, एक ठिणगी पुरते. मोबाईल टाकता टाकता चुडामण आणि आबाच्या गप्पा व्हायच्या. एकदा आबानं विचारलं, "काऊन रे, फुकटच आहे म्हणतो ना सगळं? मंग भांडण कायचं?"

"आबा, दोन शेतकरी आहेत असं समजा. दोघंही विहिरीचं पाणी फुकट देतात. पहिला म्हणतो, न्या, पण ज्या हौदात माझं पाणी ओताल आणि तो हौद पुढं कुणाला द्याल, तर सगळा हौद माझ्याच नियमानं द्यायचा. दुसरा म्हणतो, माझंही न्या, पण माझ्या पाण्याला माझाच नियम. आता दोघांचं पाणी एका हौदात ओतून तो हौद कुणाला देता येईल का?"

"नाही येनार. कोनाचा नियम लावशीन?"

"तेच. पहिला म्हणजे लिनक्स. दुसरा म्हणजे झेडएफएस, डिस्कवर माल ठेवायची एक रीत आहे. लई पक्की रीत. पण नियम जुळत नाहीत म्हणून लिनक्सवाले तिला आपल्या गाभ्यात घेत नाहीत. ती बाहेरून जोडावी लागते. पंपाचा पाईप बदलला की कपलिंग नवीन लागतं, तसं. लिनक्सचा गाभा बदलला की जोड पुन्हा बसवायचा."

"आन् दुसरं कोन्तं नाही का?"

"आहे ना. फ्रीबीएसडी. त्यांचा नियम साधा. आमचं नाव पुसू नका, बाकी काय करायचं ते करा. म्हणून त्यांच्यात झेडएफएस आतच बसवून येतं. जोडायची भानगड नाही."

आबानं तंबाखू मळला. "इतकी चांगली मानसं, फुकट देनारी, आन् हौदावरून भांडतात. म्हंजे आपल्याच तालुक्यातली दिसतात."

जिनिंगचं मशीन चुडामणनं फ्रीबीएसडीवरच बसवलं होतं. तीन वर्षं चाललं. तीन खंडेनवम्यांना ते निजलं आणि दसऱ्याला उठलं, कुरकुर नाही. पण यंदा मार्चमध्ये शेठनं नवीन कॅमेरे घेतले. त्यांचा प्रोग्राम लिनक्सवर नाहीतर विंडोजवर चालायचा, फ्रीबीएसडीवर नाही. चुडामण म्हणाला, कॅमेरे परत करा. प्रेमराज म्हणाला, "तू तुझं सामान परत ने. जळगावला दहा पोरं आहेत." जिनिंगचं काम गेलं असतं तर दुकानच बसलं असतं. चुडामण जन्मात एकदाच नमला, तो इथं. डिस्का त्याच ठेवल्या, झेडएफएस तेच ठेवलं, खालचं फ्रीबीएसडी काढून लिनक्स घातलं आणि बाहेरून जोड दिला. कॅमेरेवाल्यांच्या अटीप्रमाणे लिनक्सचे अपडेट आपोआप येतील असं करून ठेवलं. जिनिंगला मोठा जनरेटर, त्यामुळे लाईट गेली तरी मशीन कधी बंद पडलं नाही. मार्च ते दसरा, सात महिने ते एका दमात चालू होतं.

झेडएफएसची एक खोड आहे. ते दर तासाला आपल्या पोटातल्या मालाचा फोटो काढून ठेवतं. वरून फाईल पुसली तरी फोटोत ती राहते. चुडामणनं दोन महिन्यांचे फोटो ठेवायला सांगितलं होतं. ही गोष्ट चुडामणशिवाय जिनिंगमध्ये कुणालाच माहीत नव्हती.

नवमीच्या चार दिवस आधी प्रेमराजनं त्याला बोलावलं. "मागच्या आठवड्यातलं एक रेकॉर्डिंग पुसलंय मी. नीट पुसलं गेलं का, बघ जरा." असं सरळ, भाजी निवडून झाली का विचारावं तसं. चुडामण बसला. तेवढ्यात बाहेर हमालांची भांडणं लागली आणि प्रेमराज दारात जाऊन ओरडायला लागला. चुडामणनं फोटो उघडला. चाळीस सेकंद बघितलं, आवाज नसलेलं.

वना प्रेसच्या काठावर उभा. मुकादम हात करून सांगतोय, उतर. वना बटणांकडे बोट दाखवतोय, म्हणजे आधी ते बंद आहे का बघा. मुकादम हात झटकतो. वना चपला काढतो. दोन्ही चपला एकमेकीला लावून, भिंतीकडे तोंड करून ठेवतो, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. मग उतरतो. मुकादम वळतो, कुणाशी तरी बोलत बोलत येतो आणि खाली न बघता बटण दाबतो.

चुडामणनं खिडकी मिटवली. प्रेमराज आत आला.

"गेलंय ना?"

"गेलंय," चुडामण म्हणाला. आयुष्यात तो खोटं बोलायला शिकला नव्हता, पण ते एवढं खरं वाटलं की प्रेमराजनं चहा मागवला.

त्याच संध्याकाळी तो पहूरला गेला. मंजुळाबाई ओट्यावर बसलेली. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली तिकडचीच राहिलेली.

"अक्का, चित्र आहे. मी बघितलं."

तिनं विचारलं, "तुमी तुमना डोयाघाई दखं?"

"डोळ्यांनी. त्याला उतरायला सांगितलं. प्यायलेला माणूस चपला अशा जोडून ठेवत नाही अक्का."

"चपला ठेवल्यात त्यानी?"

"भिंतीला लावून."

तिनं पदर तोंडात घातला. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, "माले पैसा नको भाऊ. तो पेयेल नव्हता, इतकंच बठ्ठास्ले दखाडा. मना पोरगा शाळामा जास तं पोरं त्याले दारूड्याना पोऱ्या म्हनतस."

"सगळ्यांना दाखवतो," चुडामण म्हणाला. "नवमीला मशीन साफ करायला जातो मी. तेव्हा आणतो."

तर ही ती नवमी.

अकरा वाजले. बाहेरून कुणीतरी हाक मारली, नारळ कमी पडले म्हणून. प्रेमराज शेवटी उठला. चुडामणनं पेनड्राइव्ह काढून मागे लावला. स्क्रीन चालू केला, फोटोंची यादी उघडली, तारीख शोधली. आणि दारात बांगड्या वाजल्या. शेठच्या घरच्या लताबाई, हातात पूजेचं ताट, मागे दोन बायका.

"चुडामणभाऊ! अहो, सगळी यंत्रं निजली, याचाच दिवा काय पेटलाय?"

"वहिनी, दोन मिनिटं. थोडं काम आहे."

"आज काम?" त्या हसल्या. वाईट बाई नाही ती. "तुम्हीच दरवर्षी आम्हाला सांगता, वडिलांचा नियम आहे म्हणून. चालत्या मशीनला कुंकू लावू का मी?"

कुंकवानं ओलं झालेलं बोट तिनं तसंच वर धरलं होतं. बायका बघत होत्या. प्रेमराजच्या चपलांचा आवाज परत येत होता. चुडामणनं विचार केला, आणि हा विचार तो नंतर हजार वेळा करणार होता: माल डिस्कवर आहे, डिस्क पक्की आहे, फोटो दोन महिने कुठं जात नाही. तीन वेळा हे मशीन निजलंय आणि तीन वेळा उठलंय. उद्या कापूस खरेदीचा मुहूर्त, नऊला सगळे वजनकाट्यावर जातील, ऑफिस रिकामं असेल. उद्या घेऊ.

त्यानं पेनड्राइव्ह काढला आणि स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं. हिरवा दिवा विझला. लताबाईंनी कुंकू लावलं, तांदूळ टाकले, झेंडूची माळ घातली. चुडामणनं हात जोडले.

तीन वेळा निजून उठलं होतं ते फ्रीबीएसडी. लिनक्सची ही पहिली नवमी होती. एवढा लायसनं वाचणारा माणूस, पण झेंडू दिसला आणि त्याला एवढं आठवलं नाही.

प्रसाद घेऊन तो मागच्या दारानं बाहेर पडला. मोबाईल गेटवरच्या पेटीतच राहिला. घरी गेल्यावर आठवलं, पण जिनिंगला कुलूप लागलं होतं. सकाळी जायचंच आहे, म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी तो आधी पहूरला गेला, कारण मंजुळाबाईचे भाऊ तिला आणि पोराला धुळ्याकडे न्यायला आले होते. टेम्पोत भांडी चढली होती. चुडामणनं टेम्पोच्या फळीला हात लावला.

"दुपारपर्यंत थांबा. चारपर्यंत. मी घेऊनच येतो."

तिचा मोठा भाऊ वैतागला. "आज सणना दिवस शे भाऊ, ड्रायव्हर थांबाव नही."

"थांबाडा त्याले," मंजुळाबाई म्हणाली आणि टेम्पोतून उतरून पुन्हा ओट्यावर बसली.

साडेदहाला चुडामण जिनिंगच्या ऑफिसात पोचला. मशीनवर माळ होती. मशीनचं झाकण उघडं होतं. त्याच्या दोन्ही डिस्का कुणीतरी बाहेर काढलेल्या दिसत होत्या. त्या पुन्हा मशीनमध्ये बसल्या होत्या, आणि जळगावचा एक पोरगा लॅपटॉप आवरत होता. स्क्रीनवर काट्यावरचे कॅमेरे दिसत होते.

"या," प्रेमराज म्हणाला. "तुमचं मशीन सकाळी उठलंच नाही. उठलं, पण डिस्का दिसेनात. मुहूर्ताला कॅमेरे नकोत का?"

"डिस्काला काय केलं?" चुडामणनं पोराला विचारलं.

पोरगं साधं होतं. "दादा, दोन्ही कोऱ्या होत्या. विंडोजला लावल्या तर म्हणे फॉरमॅट केल्याशिवाय वापरता येत नाही. मग केल्या. वरून विंडोजच टाकून दिलं, आता टेन्शनच नाही."

कोऱ्या नव्हत्या. सात महिन्यांत आपोआप आलेल्या अपडेटांनी लिनक्सचा नवीन गाभा आणून ठेवला होता. मशीन चालू असेपर्यंत जुनाच गाभा चालत होता. नवमीला मशीन निजलं, दसऱ्याला उठलं ते नव्या गाभ्यावर, आणि नव्या गाभ्याला झेडएफएसचा जोड बसलेला नव्हता. पाईप बदलला होता, कपलिंग नव्हतं. पाणी विहिरीत होतं तसंच होतं. विंडोजला ती विहीर ओळखताच येत नाही, कोरी जमीन दिसते.

चुडामण म्हणाला, "डिस्का द्या. मी बाहेर काढून बघतो." नव्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग वीस मिनिटं झाली त्या डिस्कांवर पडत होतं, जुन्याच्या छाताडावर.

"आज मुहूर्त आहे," प्रेमराज म्हणाला. मग त्यानं चुडामणच्या तोंडाकडे नीट बघितलं. बघता बघता त्याच्या ध्यानात आलं. "काय होतं रे त्यात?"

प्रेमराजनं खुर्ची मागे घेतली आणि सावकाश बसला. "गेलंय म्हणाला होतास तू. बरं झालं. आता खरंच गेलं."

चारला चुडामण पहूरला पोचला. टेम्पो उभाच होता. मंजुळाबाई त्याच्या रिकाम्या हातांकडे बघत होती. त्यानं सगळं सांगितलं. गाभा, जोड, फॉरमॅट. तिला त्यातलं काही कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

"मीच बंद केलं अक्का. माझ्या हातानं."

ती टेम्पोत चढली. पोरगा तिच्या मांडीवर झोपला होता. गाडी सुरू झाल्यावर तिनं वरून एकच विचारलं.

"चपला नीट ठेवल्यात ना त्यानी?"

"भिंतीला लावून," चुडामण म्हणाला.

पुढं तो पोलिसात गेला. बघितलेलं सगळं लिहून दिलं. त्यांनी विचारलं, कुठंय? शेठ म्हणाला, काम काढून घेतलं म्हणून जळतोय. मुकादम आजही त्याच प्रेसवर आहे. जिनिंगपाठोपाठ बाजारातली चार गिऱ्हाइकं तुटली. तरी चुडामण जिथं बसेल तिथं सांगतो, चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत: वना प्यायलेला नव्हता. लोक उठून जातात. म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. म्हणू दे. त्यातल्या एकानं तरी कधी दुसऱ्याच्या मेलेल्या माणसासाठी आपलं दुकान पणाला लावलं का?

आता तो कुणाचंही मशीन घेतलं की पहिली नक्कल काढतो, मग बाकीचं. फ्रीबीएसडी सोडून काही टाकत नाही. गिऱ्हाईक जातं तर जातं. आणि पुढच्या खंडेनवमीला त्याच्या दुकानातली सगळी मशीनं चालू होती. झेंडू नव्हता. बापाच्या फोटोकडे पाठ करून तो काम करत होता.

एक गोष्ट त्यानं मोतीलालआबाशिवाय कुणालाच सांगितली नाही, रूपालासुद्धा नाही. ती आबाकडूनच कळली, वर्ष उलटल्यावर. दसऱ्याच्या सकाळी मशीन उठेना तेव्हा प्रेमराजनं जळगावला फोन लावायच्या आधी चुडामणला लावला होता. एकदा नाही, तीनदा. आठ वाजून दहा मिनिटांपासून साडेआठपर्यंत फोन गेटवरच्या लाकडी पेटीत वाजत होता, ऑफिसपासून चाळीस पावलांवर. आबा शेजारीच बसला होता. पेटीतल्या दुसऱ्याच्या मोबाईलला हात लावायचा नाही, असा जिनिंगचा नियम आहे, म्हणून त्यानं उचलला नाही. दुपारी चुडामणनं येऊन तो मोबाईल घेतला, त्यावर आलेले फोन बघितले आणि तिथंच मातीत बसला. आबानं विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, "आबा, मी उचलला असता तर प्रेमराजला एवढंच सांगितलं असतं. मशीन परत चालू कर, यादी येईल, त्यातली दुसरी ओळ निवड. दुसऱ्या ओळीवर जुना गाभा तसाच होता."